पीएस ५ भरला, आता काय?

प्रश्न: प्लेस्टेशन ५ ची जागा सारखी भरते. घरातल्या यूएसबी हार्ड डिस्कवर भागेल का?

उत्तर: अर्धवट भागेल. पीएस ५ चे गेम तिच्यावर ठेवता येतात, पण खेळण्याआधी ते आत हलवावेच लागतात. पीएस ४ चे मात्र तिच्यावरून थेट चालतात. म्हणजे तुम्ही जुनेच गेम जास्त खेळत असाल, तर खर्चात पडू नका. नव्यांसाठी आतल्या खाचेत एम.२ एसएसडी बसवणंच बरं. सोनीची शिफारस सेकंदाला ५,५०० एमबी वेगाची आहे, आणि हीटसिंक हवाच. स्वस्तातली, उष्णता न फेकणारी एसएसडी इथे महागात पडते. गेम पुसून पुन्हा उतरवता येतो, हे खरं. पण १०० जीबीचा गेम उतरेपर्यंत खेळायची संध्याकाळ सरते. कन्सोल उघडायची धास्तीही नको, ती खाच ग्राहकासाठीच ठेवलेली आहे.