फॉग लाइट रंगवण्याआधी

चवथीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही कोल्हापूरहून सावंतवाडीला निघालो होतो. गाडीत आई, बायको, दोन मुलं आणि डिकीत मखराचं सामान. आजरा मागे पडेपर्यंत नुसता पाऊस होता. आंबोली जवळ आली आणि धुकं उतरलं. तिथलं धुकं मी लहानपणापासून पाहत आलोय, त्यामुळे भीती नव्हती. शिवाय आठच दिवसांपूर्वी, खास या रस्त्यासाठी, मी घरीच गाडीचे फॉग लाइट पिवळे करून घेतले होते.

घाट सुरू झाल्यावर बटण दाबलं. डॅशबोर्डवर हिरवी खूण पेटली, रस्त्यावर मात्र काहीच उजळलं नाही. बॉनेटपुढे मळकट पिवळा उजेड तेवढा रेंगाळत होता. कडेच्या ज्या पांढऱ्या पट्ट्याच्या आधाराने घाट उतरायचा, तो पट्टाच दिसेना. एका वळणावर पुढचं चाक डांबर सोडून खाली उतरलं आणि गाडीला हिसका बसला. आई मागून एवढंच म्हणाली, "बाळा, थांब."

खालून चढणारी एसटी आमच्याशेजारी थांबली. चालकाने काच सरकवली. "भाऊ, तुमचे दिवे जवळ येयसर माका दिसाकच नाय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. मला रस्ता दिसत नव्हता हे मला कळलं होतं. मी दुसऱ्याला दिसत नव्हतो हे तोवर लक्षातच आलं नव्हतं. उरलेला घाट बायकोने काच खाली करून, भिजत, कडेचा पट्टा सांगत उतरवला. दाणोलीला पोचेपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही.

मी नेमकं काय केलं होतं ते सांगतो, कारण अनेक जण हेच करतात. काचेवर मारायचा पारदर्शक पिवळा स्प्रे आणला. बंपरला मास्किंग टेप लावली, लेन्स पुसली आणि रंग मारला. पहिला थर फिका वाटला म्हणून दुसरा दिला. दुसऱ्याचे ओघळ आले म्हणून ते झाकायला तिसरा. सकाळच्या उन्हात दिवे देखणे दिसत होते. शेजाऱ्यांनीही कौतुक केलं. पण मी ते पाहिले दिवसा, बंद असताना. अंधारात पेटवून एकदाही पाहिले नाहीत. माझी सगळ्यात मोठी चूक हीच.

दुसरी चूक समजुतीची. पिवळा उजेड धुकं भेदतो, असं मी वर्षानुवर्षं ऐकलं होतं. परतल्यावर वाचलं, ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनशी बोललो, तेव्हा उलगडा झाला. आकाश निळं दिसतं, कारण हवेचे अतिसूक्ष्म रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात. धुक्याचे थेंब त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठे, बहुतेक 10-20 मायक्रॉनचे. प्रकाशाची तरंगलांबी मात्र अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. एवढे मोठे थेंब सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. पिवळ्यालाही ते वाट देत नाहीत. पिवळ्या उजेडात निळा भाग नसल्यामुळे काहींच्या डोळ्यांना चमक कमी वाटते, एवढं खरं. फ्रान्सने 1936 साली कायदा करून गाड्यांचे हेडलाइट पिवळे करायला लावले होते. 1993 मध्ये तो नियम गेला आणि तिथेही पांढरे दिवे आले.

मग फॉग लाइट काम कसा करतो? जागेने आणि कोनाने. तो बंपरमध्ये खाली बसवलेला असतो. त्याचा झोत रुंद आणि चपटा असतो, वरची कड सरळ कापल्यासारखी. उजेड डोळ्यांसमोरच्या धुक्यात न शिरता खालून रस्त्यावर आणि कडांवर पसरतो. अप्पर मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते ती याउलट कारणाने: तो उजेड थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो. माझ्या तीन थरांनी उजेड तर खाल्लाच, पण ओघळांमुळे झोताची सरळ कडही विस्कटली. जो उजेड रस्त्यावर पडायचा, त्यातला बराचसा धुक्यातच विरला.

घरी आल्यावर तिसरी चूक केली. रंग काढायला थिनर वापरला. माझ्या दिव्यांची लेन्स काचेची नव्हती, पॉलिकार्बोनेटची होती. थिनर लागताच तिच्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडल्या. दोन्ही दिवे बदलावे लागले.

या सगळ्यातून शिकलेलं, तुमच्यासाठी:

1. स्मोक, निळा, लाल असला रंग किंवा तशी फिल्म कुठल्याही दिव्याला लावू नका. मागच्या दिव्यांना तर नकोच नको. मागून येणाऱ्याला तुमचा ब्रेक दिसणं हा तुमच्या जिवाचा प्रश्न आहे. शिवाय मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही.

2. पिवळा उजेड हवाच असेल तर लेन्स रंगवू नका. पुढचे फॉग लाइट पांढरे किंवा पिवळे असू शकतात. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रकाराचा आणि वॅटचाच पिवळा हॅलोजन बल्ब मिळतो का ते पाहा. जास्त वॅटचा बल्ब वायरिंग आणि लेन्स दोन्ही तापवतो. बल्बच्या काचेला बोट लावू नका. कातडीचा तेलकटपणा तिथे जळतो आणि बल्ब लवकर जातो.

3. पुढच्या फॉग लाइटला फिल्म लावायचीच असेल तर सोलून निघणारी, फिकी पिवळी घ्या. कागदाचा साचा करून ती आधीच कापा. लेन्सवर ठेवून ब्लेड चालवलंत तर ओरखडा कायमचा. साबणाच्या पाण्याने बसवा, हीट गन दुरून आणि हलती ठेवा. मग अर्धा तास दिवा पेटवून कडा उचलतात का, फुगे येतात का ते तपासा.

4. काहीही करण्याआधी रात्री गाडी सपाट जागी भिंतीसमोर उभी करा, झोताच्या वरच्या कडेवर टेप लावा आणि फोटो काढा. नंतर त्याच जागेवरून पुन्हा पाहा. कड हलली किंवा उजेड मंदावला, तर केलेलं काढून टाका.

5. जुनी लेन्स पिवळट, धुरकट झाली असेल तर पॉलिश करून घ्या किंवा बदला. रंगाने न मिळणारा उजेड स्वच्छ लेन्सने मिळतो. घाटाखाली चहाला थांबलात की चिखल पुसायला एक ओलं फडकं पुरतं.

6. धुक्यात डिपर आणि फॉग लाइट लावा, अप्पर नको. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून ठेवू नका. तुम्ही वळणार आहात की नाही हे मागच्याला कळत नाही. एसी चालू करून हवा पुढच्या काचेवर सोडा, म्हणजे आतून धुरकटणार नाही. आणि धुकं सरलं की फॉग लाइट बंद करा, समोरच्याच्या डोळ्यांवर येतात.

7. वेग दिसण्याच्या अंतरावर ठरवा. ताशी 40 किलोमीटरला गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. धोका दिसून ब्रेकवर पाय पडायला दीड सेकंद धरला, तरी ब्रेक लागायच्या आधीच 16-17 मीटर मागे पडलेले असतात. समोर 20 मीटर दिसत असेल तर हिशेब तुम्हीच करा. काहीच दिसेना झालं तर रस्त्यापासून पूर्ण बाजूला, सुरक्षित जागी थांबा. उशीर झाला तरी चालेल.

यंदाही चवथीला याच घाटाने जायचं आहे. दिवे कंपनीचे आहेत, लेन्स कोरी आहे. तुमच्या घरात कोणी तरुण मुलगा स्प्रेचा डबा हातात घेऊन गाडीपुढे बसला असेल, तर त्याला एवढंच सांगा: धुक्यात आपल्याकडे असतो तो थोडासा उजेड. त्यातला कणभरही हौसेपायी कमी करू नकोस.