तोंडीचे वीस गुण

प्रश्न : भोकरदन तालुक्यातल्या एका शाळेत मी दहावीला मराठी शिकवते. तोंडी परीक्षेत खरे गुण द्यायचे म्हटले तर काहींना 20 पैकी 11-12 च पडतात. सहकारी म्हणतात, ‘सगळ्या शाळा एकोणीस-वीस देतात, आपलीच लेकरं का मागं ठेवायची?’ खरं वागून मी मुलांवर अन्याय करते आहे का?
– एक शिक्षिका, जि. जालना

उत्तर : ताई, सहकाऱ्यांची भीती खोटी नाही. राज्य मंडळाचा दहावीचा निकाल 2018 साली 89.41 टक्के होता. 2019 ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले गुण काढून घेतले आणि निकाल 77.10 वर आला. (अभ्यासक्रमही त्याच वर्षी नवा होता, हेही खरं.) सीबीएसईच्या मुलांना असे गुण मिळत होतेच, त्यामुळे अकरावीच्या प्रवेशात आपली मुलं मागं पडणार म्हणून ओरड झाली. पुढच्या वर्षी गुण परत आले, निकाल 95.30. करोनामुळे 2021 ला लेखी परीक्षाच झाली नाही, मूल्यमापन शाळांनी केलं, 99.95 टक्के मुलं पास झाली.

तरीही सरसकट वीस देऊ नका. वीस हातात असले की पास व्हायला लेखीत 80 पैकी 15 पुरतात. धड वाचता न येणारं लेकरू पुढे ढकललं जातं आणि अकरावीत एकटं पडतं. त्याला मदत हवी होती हे कुणाला कळतच नाही. मला हा अन्याय मोठा वाटतो.

पण तुमचे अकरा कशाचे, हेही तपासा. मुलगा ‘मह्या गावात’ म्हणाला म्हणून गुण गेले का? विचार नीट मांडला असेल तर बोलीसाठी एकही गुण कापू नये. ऊसतोडीला गेलेल्या घरातल्या मुलीची वही अर्धी राहिली, तर त्यात तिचा आळस किती? कशाला किती गुण हे मुलांना दिवाळीआधीच सांगा. तोंडी दोनदा घ्या, चांगली झालेली धरा. कमी पडले त्याला का पडले ते समोर बसवून सांगा, म्हणजे दुसऱ्या खेपेला तो तयारीने येईल.

एकट्या शाळेने हे केलं तर तिचीच मुलं भरडली जातील. म्हणून शेजारच्या दोन-तीन शाळांनी एकमेकांच्या मुलांची तोंडी ऐकावी, असा विषय मुख्याध्यापकांच्या बैठकीत काढायला लावा. सत्र सुरू होतानाच काढा. जानेवारीत कुणाला वेळ नसतो.