बोर्ड नवे, वायर जुनी

घरात बोर्ड नवे दिसले की वायरिंगही नवंच असणार, असं कोणीही धरून चालतं. राजापूर तालुक्यातल्या आमच्या वडिलोपार्जित घरात नेमकं तेच होतं. पांढरेशुभ्र बोर्ड, पडवीत किटकॅट फ्यूजच्या जागी एमसीबीची पेटी, न्हाणीघरात गिझर. माळ्यावर मात्र आजोबांच्या काळची वायर तशीच होती. सागवानी पट्टीवर क्लिपांनी बसवलेली, कुठे रबरी वेष्टनाची, कुठे ॲल्युमिनियमची. ती घातली तेव्हा घरात चार-पाच दिवे आणि एक रेडिओ, एवढाच भार होता.

गणपतीत घर माणसांनी भरलेलं. गिझर सकाळभर चालू, स्वयंपाकघरात मिक्सर, विहिरीवर मोटर, मखराला रोषणाई. पाट मांडता मांडता वहिनी म्हणाली, "घरात माशांचा वास कुठून येतोय?" श्रावणापासून घरात मासळी आलीच नव्हती. मांजराने काही आणून टाकलं असेल म्हणून सगळे कोपरे धुंडाळले. विजेच्या वस्तूंचं प्लास्टिक किंवा बेकलाइट जास्त तापलं की कधी कधी अगदी मासळीसारखा वास येतो, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. वास माळ्याकडून येतोय हे कळल्यावर दादाने मेन स्विच पाडला आणि शिडी लावली.

वर गिझरच्या लाइनचा जोड होता. बोर्डाकडून आलेली नवी तांब्याची वायर जुन्या ॲल्युमिनियमच्या वायरीला नुसता पीळ मारून जोडलेली, वर टेप, आणि सगळं बेकलाइटच्या जुन्या डबीत कोंबलेलं. टेपचा भुगा झाला होता, डबी करपली होती आणि शेजारचा वासा तळहाताएवढा काळा पडला होता. हातभर अंतरावर नारळाची सोडणं रचून ठेवलेली होती.

एमसीबी का पडला नाही, हा प्रश्न मी नंतर जाणत्या कॉन्ट्रॅक्टरला विचारला. त्याचं उत्तर प्रत्येक जुन्या घरात पोहोचायला हवं. एमसीबी जादा करंट ओळखतो, तापलेला सांधा ओळखत नाही. 2 किलोवॅटचा गिझर 9 अँपियरच्या आतच करंट घेतो, मग सांधा घट्ट असो की सैल. ॲल्युमिनियमवर हवेने ऑक्साइडचा थर चढतो, गरम-गार होता होता पीळ सैल पडतो, सैल पडला की जास्त तापतो आणि तापला की आणखी सैल होतो. त्यात आमच्याकडे "सारखा पडतो" म्हणून त्या लाइनला कोणीतरी 32 अँपियरचा एमसीबी बसवला होता. म्हणजे खरोखर जादा करंट गेला असता, तरी आधी वायर जळाली असती. एमसीबीचं माप वायरीवरून ठरवायचं. तांब्याच्या 1.5 चौरस मिलिमीटर वायरीला 10 अँपियर, 2.5 ला 16, 4 ला 20 ते 25. पडतो म्हणून मोठा बसवून देणाऱ्याला काम देऊ नका.

नवं वायरिंग करताना आम्ही जुनी वायर इंचभरही ठेवली नाही. ठेवली की कधीतरी कोणीतरी तिला जोड मारतो. प्रत्येक सांधा उघडता येईल अशा डबीत, टर्मिनलमध्ये स्क्रूने आवळलेला. गिझर, स्वयंपाकघर आणि मोटर यांच्या लाइनी पेटीपासून थेट वेगळ्या. पैसे पुरत नसतील तर या तीन लाइनी आधी करा, दिव्यांचं पुढच्या वर्षी. रंगीत बोर्ड सगळ्यात शेवटी. वायरीची गुंडाळी आयएसआय मार्क बघून स्वतः दुकानातून आणा.

आमच्याकडे सगळ्यात जास्त डोकेदुखी अर्थिंगची. घराखाली कातळ. कोळसा-मीठ घालून पत्रा पुरला तरी मे महिन्यात जमीन कोरडी पडते. समजा अर्थिंगचा रोध 20 ओहम आहे आणि गिझरच्या अंगात फेज उतरला. 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा अँपियर. 16 अँपियरचा एमसीबी त्याला हलणारही नाही आणि नळाला हात लावणाऱ्याचा जीव धोक्यात येईल. म्हणून आरसीसीबी हवाच, 30 मिलिअँपियरचा. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत येतो का, एवढंच तो बघतो. फरक पडला की क्षणात लाइन तोडतो.

जुन्या घरात आरसीसीबी बसवला की तो पहिल्या दिवसापासून पडत राहतो आणि वायरमन म्हणतो, "काढून टाकू, त्रास देतोय." काढू देऊ नका. बहुतेक वेळा एका लाइनचा न्यूट्रल दुसऱ्या लाइनीत मिसळलेला असतो, कुठे न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधलेले असतात, किंवा भिंतीत ओल शिरून करंट खरोखरच झिरपत असतो. आमच्याकडे देवघरातल्या दिव्याचा न्यूट्रल मागल्या पडवीच्या लाइनीतून घेतलेला निघाला. एकेक लाइन सोडवून शोधायला वेळ लागतो. तो वेळ त्याला द्या, त्याची मजुरीही द्या.

काम परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरकडूनच घ्या, आणि शेवटचा हप्ता देण्याआधी प्रत्येक लाइनीचं मेगर टेस्टिंग समोर उभं राहून बघा. नव्या वायरीचं इन्सुलेशन 1 मेगाओहमच्या बरंच वर दाखवायला हवं. ते आकडे, कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा आणि वायर कुठून कुठे गेली आहे याचा कागद पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. प्लास्टर होण्याआधी भिंतींचे फोटो काढून ठेवा. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबूनही तो पडला नाही तर त्याच दिवशी बदला. आणि वायरमनला होळीच्या सुमारासच सांगून ठेवा, कारण मे संपला की त्याला पावसाळ्याची कामं लागतात आणि गणपतीच्या तोंडावर तो कोणालाच सापडत नाही.