पंप ब्रशशेजारी ठेवा

गेल्या पावसाळ्यात वाळवा तालुक्यातली एक आई सात वर्षांच्या लेकीला घेऊन आली. वाफ देऊन धाप कमी झाली होती, तरी गळ्याखालचा खळगा श्वासागणिक आत ओढला जात होता. "दम्याचा रोजचा पंप चालू आहे ना?" असं विचारलं, तेव्हा तिनं पिशवीतून रुमालात गुंडाळलेला पंप काढला. पंपाच्या मागच्या छोट्या खिडकीत आकडा होता १७२. दोनशे पफांचा पंप, सकाळी एक आणि रात्री एक असा सांगितलेला. घेऊन तीन महिने झाले होते, म्हणजे एव्हाना वीसेक पफ उरायला हवे होते.

पंप घरात धान्याच्या डब्यामागे असायचा. सासूबाईंना कळू नये, शेजारणीला दिसू नये, म्हणून. घरात कुणी नसलं की द्यायचा. आणि एकत्र कुटुंबात घर रिकामं असं किती वेळा असतं? "मुलगी आहे, डॉक्टर," ती हळूच म्हणाली, "उद्या तिचं लग्न करायचंय."

आईबाबांनो, मी तिच्यावर रागावले नाही. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत मी ज्या ज्या घरांशी बोलले, त्यांतल्या कितीतरी घरांत हीच भीती वेगवेगळ्या शब्दांत ऐकली. पंपाची सवय लागते. पंप म्हणजे शेवटची पायरी. स्टिरॉइड आहे, हाडं ठिसूळ होतील. आजी म्हणतात, "एकदा वाफ द्या, म्हंजे पोराला बरं वाटंल, पंप तेवढा नको." या भीतीपोटीच पोरं पुन्हा पुन्हा दवाखान्यात येतात.

आधी दम्यात काय होतं ते सांगते. श्वासनलिकांना आतून सूज असते. मूल हसत-खेळत असतं तेव्हाही ती असते. थंडी, धूर, धूळ किंवा साधी सर्दी लागली की सुजलेल्या नळ्या आकसतात, चिकट कफ साचतो आणि घरघर सुरू होते. साल्ब्युटामॉलचा पंप आकसलेले स्नायू सैल करतो, चार-पाच मिनिटांत आराम पडतो. पण सूज तशीच राहते. चूल धुमसतेय म्हणून दार उघडलं तर धूर बाहेर जाईल, पण विस्तव विझत नाही. विस्तव विझवण्याचं काम रोजच्या पंपाचं: ब्युडेसोनाइड, बेक्लोमेथासोन, फ्लुटिकासोन यांपैकी एक. त्याचा परिणाम दिसायला दिवस, कधी आठवडे लागतात. म्हणून लोकांना वाटतं, हा काही कामाचा नाही. आणि लगेच आराम देणारा पंप मात्र लाडका होतो.

श्वासावाटे घेण्याचं स्टिरॉइड १९७२ च्या सुमारास बाजारात आलं. पन्नास वर्षांहून जास्त काळ जगभरातली मुलं ते घेत आहेत. मात्रेचा हिशोब पाहा. जोराचा दमा उठला की वीस किलोच्या मुलाला आम्ही दिवसाला साधारण वीस मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन तोंडावाटे देतो, तीन ते पाच दिवस. रोजच्या पंपातून लहान मुलाला बहुधा शंभर ते दोनशे मायक्रोग्रॅम जातं. एका मिलिग्रॅममध्ये हजार मायक्रोग्रॅम. म्हणजे वजनानं मोजलं तर गोळ्यांच्या एका दिवसात पंपाचे शंभर ते दोनशे दिवस बसतात. दोन्ही औषधं वेगळी आहेत, त्यामुळे हा हिशोब तंतोतंत नाही, पण अंदाज यावा म्हणून सांगितला. जे मूल रोजचा पंप चुकवतं आणि वर्षातून चार वेळा गोळ्या घेतं, त्याच्या अंगात स्टिरॉइड जास्त जातं.

उंचीबद्दल तुम्ही विचारणारच, आणि विचारायलाच हवं. उत्तर अमेरिकेत पाच ते बारा वर्षांच्या हजाराहून जास्त मुलांवर अभ्यास झाला. काहींना चार वर्षांहून जास्त काळ रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड दिलं. ती मुलं मोठी झाल्यावर उंची मोजली, आणि २०१२ साली निष्कर्ष आला: औषध न घेतलेल्यांपेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटर कमी. हा फरक सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत पडतो, वर्षागणिक वाढत जात नाही. मी तो लपवत नाही. म्हणूनच दमा काबूत ठेवेल अशी कमीत कमी मात्रा द्यायची आणि दर तीन-सहा महिन्यांनी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं खूण करून उंची पाहायची. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघा. २०१९ च्या जागतिक अंदाजानुसार जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, आणि दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र ४० टक्क्यांहून जास्त. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या रुग्णांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. वर्षभरात श्वासावाटे घेण्याच्या स्टिरॉइडचा एकेक पंप जास्त वापरला गेला, तसा मृत्यूचा धोका सुमारे २१ टक्क्यांनी कमी होत गेलेला दिसला. एक सेंटिमीटर आणि एक जीव, यांत निवड करायला तुम्हाला माझी गरज नाही.

आता घरातल्या गोष्टी. आपल्या भागात धुराची कमी नाही. ऊस गेला की फडात पाचट पेटतं, गुऱ्हाळाची चुलाणं धडधडतात, आणि पहाटे परसदारी पाण्याचा बंब चिपाडं, भुस्कटं खात असतो. सांगलीकडे हळदीच्या पॉलिशची धूळ, पाटण-महाबळेश्वरच्या पट्ट्यात चार महिने भिंतींना ओल आणि बुरशी. बंबाजवळ शेकत बसलेलं पोर मला फार खटकतं. तेवढं मूल तिथून उठवा. पुराचंही ध्यानात ठेवा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी घरांत शिरलं. ज्यांनी तेव्हा घर सोडलं त्यांना सांगायला नको: कागदपत्रांच्या पिशवीत पंप आणि स्पेसरही (पंपाला जोडायचं प्लॅस्टिकचं नळकांडं) असू द्या. आणि बीडकडून तोडणीला आलेल्या, कोपीत राहणाऱ्या आईबाबांना विनंती, हंगाम संपून गावी परतताना पुढच्या महिन्यांचं औषध आणि चिठ्ठी सोबत न्या.

सुरुवातीच्या त्या आईला मी म्हटलं, आता माझ्यासमोर द्या बरं. तिनं पंप सरळ लेकीच्या ओठांसमोर धरला आणि दाबला. खिडकीच्या उजेडात ओठांपुढे पांढरा फवारा स्पष्ट दिसला. तो फवारा औषधाचा होता, आणि तो खोलीत गेला, फुप्फुसात नाही. स्पेसर डब्यातून अजून बाहेरच आलेला नव्हता.

मुलांना पंप स्पेसरमधूनच द्या. पंप नीट हलवा, स्पेसरला जोडा. चारेक वर्षांपर्यंत मास्क नाकातोंडावर घट्ट बसवा, मोठ्या मुलाला नळी ओठांत धरू द्या. एकच पफ दाबा आणि मुलाला शांतपणे पाच-सहा श्वास घेऊ द्या. दुसरा पफ द्यायचा असेल तर पुन्हा हलवून. रडत्या मुलाच्या छातीत औषध फारसं पोहोचत नाही, म्हणून झटापट करू नका. बाहुलीला आधी द्या, मग मुलाला. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि न पुसता निथळू द्या, कारण कापडानं पुसला की प्लॅस्टिकवर वीज साचते आणि औषध भिंतींनाच चिकटतं. स्पेसर परवडत नसेल तर डॉक्टरांना तसं मोकळेपणानं सांगा. अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून, फट बंद करून केलेला स्पेसर मुलांच्या दम्यात विकतच्या इतकाच चालतो, हे दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनच्या डॉक्टरांनी १९९९ साली दाखवून दिलं.

औषध घेतलं की चूळ भरून थुंकायचं, मास्क लावला असेल तर तोंडही पुसायचं. नाहीतर जिभेवर पांढरा बुरशीचा थर येतो, आवाज बसतो. म्हणून मी सांगते, पंप ब्रशशेजारी ठेवा. आधी पंप, मग ब्रश. दोन्ही वेळा आठवतं, चूळ आपोआप होते. आपल्याकडे सगळ्या कंपन्यांच्या पंपांचे रंग सारखे नसतात, तेव्हा रंगावर जाऊ नका. नाव वाचा आणि रोजच्या पंपावर स्केचपेननं ठळक "रोज" लिहा.

बरं वाटलं की पंप बंद करण्याचा मोह होतो. बंद करायचाच आहे, पण आपण मिळून. दोन-तीन महिने मूल रात्री खोकलं नाही, तालमीत, मैदानात दमलं नाही, तर मात्रा एकेक पायरी खाली आणता येते. सवय लागत नाही. औषध मध्येच तोडलं की दबलेली सूज उसळते, आणि लोक त्यालाच सवय म्हणतात. कोजागिरीच्या खिरीतलं औषध किंवा कुणी दिलेली पुडी, यासाठी पंप थांबवू नका. अशा बेनामी पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. पंपातलं मोजलेलं नाकारायचं आणि पुडीतलं बेहिशोबी पोटात घालायचं, असं होता कामा नये.

आणि काही वेळा थांबण्याच्या नसतात. आराम देणारा पंप, ठरवून दिल्याप्रमाणे स्पेसरमधून देऊनही धाप कमी होत नसेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, मूल एक वाक्य सलग बोलू शकत नसेल, ओठ निळसर पडत असतील किंवा ते गुंगीत जात असेल, तर १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं निघा. वाटेतही तो पंप देत राहा.

ती मुलगी आता आठ वर्षांची आहे. परवा तिची आजी तिला घेऊन आली होती. पंप आता न्हाणीघरात ब्रशशेजारी असतो आणि रात्रीचा पफ आजीच देते. आकडा मी पाहिला, बरोबर होता. तुम्हीही पुढच्या खेपेला येताना पंप आणि स्पेसर पिशवीत घालून आणा, आणि माझ्यासमोर एकदा देऊन दाखवा.