कर्त्यामागून कर्ता

चिरंजीव भाच्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, कार्यप्रवाहाच्या एका लहानशा मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा कारभार चिरंजीवाने अंगावर घेतल्याचे कळले, आणि वापरणारे वाढत असूनही प्रत्यक्ष कामाला हात लावणारे दोघा-तिघांपलीकडे जात नाहीत, ही त्याची तक्रारही कानावर आली. ही तक्रार जुनीच आहे, आणि तिचे मूळ बहुधा आज्ञावलीत नसून माणसांना कामात सामावून घेण्याच्या रीतीत सापडते. म्हणून त्या रीतीचा विचार येथे थोडा सविस्तर मांडला आहे.

प्रथम संज्ञा स्पष्ट असाव्यात. ज्या सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, वापरता, बदलता आणि बदललेल्या रूपात पुन्हा वाटता येते, आणि ही मोकळीक ज्याच्या परवान्यातच लिहिलेली असते, त्याला मुक्तस्रोत म्हणतात. कार्यप्रवाह, म्हणजे सर्रास ज्याला वर्कफ्लो म्हटले जाते तो, अनेक कामांचा क्रम आणि त्यांचे परस्परावलंबन यांचा आराखडा होय. दिवाळीच्या फराळात भाजणी दळून आल्याशिवाय चकलीचे पीठ मळता येत नाही आणि पीठ मळल्याशिवाय सोऱ्या हाती घेता येत नाही. पण त्याच वेळी दुसऱ्या शेगडीवर लाडवांसाठी बेसन भाजायला कोणाची आडकाठी नसते, आणि तळलेली चकली पुन्हा भाजणीत जात नाही. कशाच्या आधी काय हे सांगणाऱ्या आणि मागे फिरून वर्तुळ न करणाऱ्या अशा आराखड्याला दिशायुक्त चक्ररहित आलेख म्हणतात, आणि या क्षेत्रातील लोक त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला नुसते ‘डॅग’ म्हणतात. कोणते काम केव्हा सुरू करायचे, ते फसले तर किती वेळा पुन्हा करून पाहायचे आणि कोणाला कळवायचे, हे पाहणारे सॉफ्टवेअर म्हणजे कार्यप्रवाहाचे सॉफ्टवेअर.

या प्रकारातील अपाचे एअरफ्लो या प्रकल्पाचा इतिहास नीट अभ्यासण्याजोगा आहे. मॅक्सिम बोशमाँ या अभियंत्याने ऑक्टोबर २०१४ मध्ये एअरबीएनबी या कंपनीत त्याची सुरुवात केली. २०१५ मध्ये तो जाहीरपणे खुला झाला, मार्च २०१६ मध्ये अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन या ना-नफा संस्थेच्या उमेदवारी विभागात दाखल झाला आणि जानेवारी २०१९ मध्ये त्या संस्थेचा पूर्ण दर्जाचा प्रकल्प म्हणून जाहीर झाला. मूळ कर्ता पुढे दुसऱ्या कामांकडे वळला, तरी डिसेंबर २०२० मध्ये दुसरी आणि एप्रिल २०२५ मध्ये तिसरी मोठी आवृत्ती बाहेर पडली. एका कंपनीच्या गरजेतून जन्मलेले काम मूळ कर्त्यावाचून चालू राहिले, ही त्या सॉफ्टवेअरच्या गुणांइतकीच त्याच्याभोवती जमलेल्या समुदायाच्या घडणीची करामत आहे. समुदायाची वाढ वापरणाऱ्यांच्या संख्येवरून न मोजता, विचारायला आलेला माणूस कालांतराने उत्तर देणारा होतो का आणि उत्तर देणारा पुढे निर्णय घेणारा होतो का, यावरून मोजावी. या पत्राचे सारे सांगणे एवढ्यात आले.

या वाटेची पहिली पायरी प्रश्न ही असते, आणि तेथेच बहुतेक प्रकल्प चुकतात. एअरफ्लोमध्ये कार्यप्रवाहाच्या प्रत्येक फेरीला एक तारीख चिकटवलेली असे आणि तिचे नाव ‘अंमलबजावणीची तारीख’ अशा अर्थाचे होते; परंतु रोजच्या कामाच्या बाबतीत एक तारखेचे लेबल लागलेली फेरी प्रत्यक्षात दोन तारीख उजाडल्यावर सुरू होई. यामागचा विचार अगदी सरळ होता: दुकानातला एक तारखेचा गल्ला दुकान बंद झाल्याशिवाय मोजता येत नाही, आणि मध्यरात्र उलटल्यावर मोजला तरी खातेवहीत तो एक तारखेच्याच नावे लिहिला जातो. तथापि नाव अंमलबजावणीचे आणि तारीख हिशेबाची, या विसंगतीमुळे नवखे लोक वर्षानुवर्षे गोंधळत राहिले आणि जाणकार तेच उत्तर पुन्हा पुन्हा देत राहिले. अखेर ऑक्टोबर २०२१ मधील २.२ या आवृत्तीत त्या तारखेला ‘तार्किक तारीख’ असे नवे नाव मिळाले, प्रत्येक फेरी कोणत्या कालावधीतील माहिती हाताळते हे आरंभ आणि शेवट देऊन वेगळे सांगण्यात येऊ लागले, आणि तिसऱ्या आवृत्तीत जुने नाव काढून टाकण्यात आले. यातून घ्यायचा धडा असा की, एखादा प्रश्न एकाने विचारला तर त्याला उत्तर द्यावे, तोच पाच जणांनी विचारला तर माहितीपुस्तिका दुरुस्त करावी, आणि पन्नास जणांनी विचारला तर सॉफ्टवेअरच दुरुस्त करावे. विचारणाऱ्याला अडाणी ठरवणे हा यांपैकी कोणताच उपाय नव्हे.

दुसरी पायरी पहिल्या योगदानाची. संपूर्ण यंत्रणा समजल्याखेरीज जेथे एक खिळाही हलवता येत नाही, तेथे नवा कारागीर टिकत नाही. एअरफ्लोच्या दुसऱ्या आवृत्तीत बाहेरच्या विविध सेवांशी आणि माहितीसाठ्यांशी जोडणारे भाग मुख्य गाभ्यापासून सोडवून स्वतंत्र पुडक्यांच्या रूपात देण्यात आले, त्यामुळे ज्याला एकच माहितीसाठा चांगला ठाऊक आहे त्यानेही तेवढाच भाग दुरुस्त करावा आणि ती दुरुस्ती मुख्य आवृत्तीची वाट न पाहता लोकांपर्यंत पोहोचावी, अशी सोय झाली. लहान प्रकल्पाला एवढा पसारा नको. परंतु अर्ध्या दिवसात उरकतील अशी पाच-सहा कामे नवागतांसाठी राखून ठेवावी, आणि ती स्वतः उरकण्याचा मोह आवरावा. नवख्याने पाठवलेला बदल तपासताना दहा चुका दिसल्या तरी आधी काय पटले ते सांगावे, मग काम अडवणाऱ्या दोन चुका दाखवाव्या, आणि बाकीच्या किरकोळ बाबी तपासणाऱ्यानेच सावरून घ्याव्या. सर्वांत मोठा अपमान टीकेचा नसतो. महिनाभर काहीच उत्तर न येणे हा असतो.

तिसरी पायरी अधिकाराची, आणि तेथे सद्भावनेइतकीच नियमांची गरज असते. अपाचेच्या रीतीत वापरकर्ता, योगदानकर्ता, आज्ञावलीच्या मुख्य साठ्यात स्वतः बदल नोंदवण्याचा अधिकार मिळालेला कमिटर, आणि प्रकल्पाच्या व्यवस्थापन समितीचा सदस्य असे टप्पे असतात; वरचा टप्पा माणसाला त्याच्या कामावरून मिळतो, त्याच्या कंपनीच्या नावावरून नव्हे, आणि नोकरी बदलली तरी तो त्याच्याकडेच राहतो. नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्यासाठी समितीच्या किमान ३ सदस्यांची अनुकूल मते लागतात आणि प्रतिकूल मतांपेक्षा अनुकूल मते अधिक असावी लागतात. मतदान साधारणपणे किमान ७२ तास खुले ठेवतात, कारण पुण्यात सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे नऊ वाजलेले असतात, आणि पोटापाण्याचा उद्योग सांभाळून वेळ देणाऱ्याला शनिवार-रविवार सोडून फुरसत नसते. आज्ञावलीतील बदलाला विरोध करण्याचा हक्क असतो, परंतु तांत्रिक कारण न देता केलेला विरोध ग्राह्य धरला जात नाही. लहान प्रकल्पाने हे सारे जसेच्या तसे उचलण्याचे कारण नाही. मात्र निर्णय कोण घेतो, कसा घेतो आणि तो कोठे लिहिलेला सापडतो, हे एका पानात मावेल इतके तरी लेखी असावे. चहाच्या टपरीवर दोघांत ठरलेली गोष्ट तिसऱ्याला परके करते.

नियम असूनही मतभेद होतील, आणि ते मिटले नाहीत तर फाटाही फुटेल. परवान्याच्या बळावर आज्ञावलीची प्रत घेऊन स्वतंत्र वाट धरणे याला फाटा फोडणे म्हणावे. व्यावसायिक कार्यप्रवाहांसाठी २०१० मध्ये सुरू झालेल्या अ‍ॅक्टिव्हिटी या प्रकल्पातून २०१३ मध्ये त्याला हातभार लावणारी बर्लिनची कामुंडा ही कंपनी बाहेर पडली, आणि २०१६ मध्ये त्याच्या मुख्य कारागिरांपैकी काहींनी फ्लोएबल हा वेगळा प्रकल्प मांडला. फाटा हा मुक्तस्रोतातील हक्क आहे, द्रोह नव्हे. परंतु प्रत्येक फाट्याबरोबर अनुभवी हात वाटले जातात, हेही खरे. म्हणून भांडण मिटवण्यापेक्षा भांडण ऐकून घेण्याची व्यवस्था आधी करावी.

जो समुदाय नवागतांना जपतो तो पुष्कळदा सांभाळणाऱ्याला जपायचे विसरतो, आणि त्याची किंमत किती असू शकते हे एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या आज्ञावलीच्या प्रकरणात दिसले. असंख्य लिनक्स संगणकांवर असलेले ते काम एक माणूस बिनपगारी सांभाळत होता. प्रकृतीची अडचण त्याने जाहीरपणे सांगितल्यावरही काम संथ चालल्याबद्दल त्याच्यावर दडपण आणले गेले, आणि मदतीला आलेल्या एका अनोळखी व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास संपादन करून अखेर त्यात चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले, आणि त्या शंकेचा माग काढल्यामुळे तो चोरदरवाजा उघडकीस आला. यावरून नवख्यांवर संशय घ्यावा असा निष्कर्ष काढू नये. किल्ल्या एकाच्याच कमरेला असू नयेत, थकलेल्याला सुट्टी मागताना लाज वाटू नये, आणि ज्या कंपन्या कामाचा लाभ घेतात त्यांनी माणसांचा वेळ किंवा पैसा द्यावा, हे त्यांच्याकडे संकोच न करता मागावे, असा काढावा.

शेवटी शिकवण्याविषयी. जीवशास्त्रज्ञांना आज्ञावली न लिहिता मोठ्या माहितीचे विश्लेषण करता यावे यासाठी २००५ मध्ये अमेरिकेत गॅलेक्सी हा प्रकल्प सुरू झाला; त्याच्या समुदायाने धडेही आज्ञावलीप्रमाणेच खुले ठेवले, त्यामुळे धडा वाचणाराच त्यातील चूक दुरुस्त करून पाठवतो आणि नकळत योगदानकर्ता होतो. त्याचे एक संस्थापक जेम्स टेलर एप्रिल २०२० मध्ये अकाली निवर्तले; त्यांच्या स्मरणार्थ तरुण संशोधकांना मदत करणारी संस्था उभी राहिली आणि प्रकल्पही चालू राहिला, कारण काम जाणणारे अनेक होते.

तेव्हा चिरंजीवाने मोठ्या योजना तूर्त बाजूला ठेवाव्या आणि या आठवड्यात दोनच गोष्टी कराव्या: ज्याला अद्याप उत्तर मिळालेले नाही असा नवख्याचा सर्वांत जुना बदल शोधून त्याला आज उत्तर द्यावे, आणि प्रकल्पाची जी किल्ली आज फक्त स्वतःपाशी आहे ती आणखी एका भरवशाच्या माणसाच्या हाती सोपवावी.

बहुत काय लिहिणे? हे आशीर्वाद.