मेट्रोचं कौतुक आणि खांद्यावरचं ओझं

परदेशी प्रवासी आपल्याकडच्या मेट्रोचं तोंड भरून कौतुक करतात: डबा थंडगार, फलाट लख्ख, गाडी वेळेवर, भाडं नाममात्र. ते खोटं नाही. लंडनची भुयारी रेल्वे 1863 सालची; तिच्या कितीतरी स्थानकांवर अजून लिफ्ट नाही. तिथून आलेल्याला 2022 साली सुरू झालेली पुणे मेट्रो भावणारच. पण त्याच्या मापाने परभणीकराने पुण्याचा प्रवास आखू नये, हे मी अनुभवाने सांगतो. पाहुणा डब्यातला प्रवास मोजतो, कारण त्याच्या पाठीवर एकच सॅक असते. जिंतूर-सेलूहून एमपीएससीसाठी निघालेलं पोरगं गादी, पुस्तकं आणि ज्वारीच्या पिठाची पिशवी घेऊन उतरतं. दवाखान्यासाठी आलेल्या म्हाताऱ्यांजवळ फायलींचं ओझं असतं. त्यांचा कस लागतो तो डब्यात शिरण्याआधी आणि उतरल्यावर.

शिवाजीनगरचंच घ्या. तिथलं एसटी स्टँड मेट्रोच्या कामासाठी 2019 च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवलं. मेट्रो स्थानकाचं नाव मात्र शिवाजीनगर. नावावर विसंबून वाकडेवाडीला उतरलेला माणूस स्थानक शोधत सामानासह रस्ताभर फरफटतो. शिवाय रात्रीची गाडी पहाटे पोचली, तर सकाळी 6 च्या आधी मेट्रो नाही. अशा वेळी सरळ रिक्षा करावी. रिक्षावाले नवख्याला वाटेल तो आकडा सांगतात आणि मेट्रोचं तिकीट 10 रुपयांपासून आहे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून भाडं आधी ठरवावं किंवा मीटरचा आग्रह धरावा. वाचलेले पैसे हमालीत आणि दमणुकीत गेले तर ती बचत कसली?

रेल्वेने येणाऱ्याचं गणित वेगळं. पनवेलकडे जाणाऱ्या गाडीने पुण्याला उतरलात तर मेट्रो स्थानक शेजारीच आहे, आणि इथे मी मेट्रोच्याच बाजूचा. पण मंडई किंवा स्वारगेटला जायचं तर जिल्हा न्यायालय (पूर्वीचं सिव्हिल कोर्ट) स्थानकात गाडी बदलावी लागते. पुणे स्टेशनहून येणारी मेट्रो तिथे उंच पुलावर थांबते, तर स्वारगेटची जमिनीखाली सुमारे 33 मीटरवर. फोनमधला नकाशा हा बदल मिनिटांत दाखवतो, पिशव्या हिशेबात धरून नाही. सरकत्या जिन्याच्या नादी न लागता लिफ्ट विचारावी. आत शिरताना प्रत्येक पिशवी तपासणीच्या पट्ट्यावर चढवावी लागते, म्हणून चार सुट्या पिशव्यांपेक्षा एक घट्ट बांधलेली बॅग बरी. कागदी तिकीट मुठीत चुरगाळू नये. बाहेर पडतानाही त्यावरचा चौकोनी कोड फाटकाच्या काचेसमोर धरावा लागतो, आणि घडी पडलेला कोड यंत्र वाचत नाही. सामानवाल्यांसाठी कडेचं रुंद फाटक असतं. तिथल्या कर्मचाऱ्याला बिनदिक्कत हाक मारावी.