घटक ५ : सहयोगी ज्ञानकोशात गणिती सिद्धतेची मांडणी

५.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• वर्णनपर मजकूर आणि सिद्धता यांतील भेद सांगता येईल;
• सिद्धतेतील जोडशब्दांचे व संख्यावाचक शब्दांचे महत्त्व स्पष्ट करता येईल;
• ज्ञानकोशासाठी सिद्धतेची मांडणी करता येईल.

५.२ प्रास्ताविक

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. या मुक्त ज्ञानकोशातील बहुतेक नोंदी कोणालाही संपादित करता येतात. त्यामुळे येथे लिहिणाऱ्याने वाचकाबरोबरच पुढच्या, अनोळखी संपादकाचाही विचार करावा लागतो. सिद्धतेच्या बाबतीत ही जबाबदारी अधिक वाढते.

५.३ वर्णन आणि सिद्धता

‘खडकवासला’ ही नोंद तुम्ही लिहीत आहात, असे समजा. तीत मुठा नदीवरील धरण, १९१६ साली स्थापन झालेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आणि १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर यांविषयी एकेक वाक्य येईल. यांपैकी एखादे वाक्य कोणी गाळले, तर नोंद अपुरी राहील. परंतु उरलेली वाक्ये खरीच राहतील.

सिद्धतेचे तसे नसते. तिच्यातील प्रत्येक विधान आधीच्या विधानांवर उभे असते. ‘म्हणून’, ‘कारण’, ‘यावरून’ हे शब्द तेथे केवळ वाक्ये जोडत नाहीत. कोणते विधान कशाच्या आधाराने केले आहे, हे ते सांगतात.

५.४ उदाहरण

युक्लिडचे प्रसिद्ध प्रमेय पाहा.

प्रमेय : मूळ संख्यांची कोणतीही सांत यादी घेतली, तरी त्या यादीत नसलेली किमान एक मूळ संख्या असते.

सिद्धता :
(१) समजा, क = (यादीतील सर्व संख्यांचा गुणाकार) + १.
(२) क ही १ पेक्षा मोठी पूर्णांक संख्या आहे; म्हणून तिला किमान एक मूळ अवयव असतो.
(३) यादीतील कोणत्याही संख्येने क ला भागल्यास बाकी १ उरते. म्हणून यादीतील एकही संख्या क चा अवयव नाही.
(४) विधान (२) व (३) यांवरून, क चा तो मूळ अवयव यादीबाहेरचा आहे. हे सिद्ध झाले.

आता एखाद्या संपादकाने विधान (२) ‘सुटसुटीत’ करून ‘म्हणून क ही मूळ संख्या आहे’ असे लिहिले, तर काय होईल? वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. मुद्रितशोधकाला त्यात काहीच खटकणार नाही. परंतु २, ३, ५, ७, ११, १३ ही यादी घेतल्यास क = ३००३१ येतो आणि ३००३१ = ५९ × ५०९. म्हणजे क मूळ संख्या नाही. प्रमेय खरेच राहिले, पण सिद्धता मोडली. ‘किमान एक मूळ अवयव’ हे चार शब्द तेथे अनिवार्य होते.

विधान (३) मधील ‘एकही’ हा शब्दही असाच महत्त्वाचा आहे. त्याऐवजी ‘प्रत्येक संख्या क चा अवयव नाही’ असे लिहिल्यास ‘काही आहेत, काही नाहीत’ असाही अर्थ निघू शकतो.

५.५ मांडणीचे संकेत

१. संकल्पनेवर प्रकाश टाकणारीच सिद्धता नोंदीत घ्यावी. ज्ञानकोश हे पाठ्यपुस्तक नव्हे.
२. प्रमेयाचे विधान आधी द्यावे आणि सिद्धता स्वतंत्र उपशीर्षकाखाली ठेवावी, म्हणजे ज्याला ती नको त्याला पुढे जाता येते.
३. एका क्रमांकाखाली एकच पायरी असावी. मागील विधानाचा आधार क्रमांकाने दाखवावा.
४. ‘उघडच आहे की’ असे न लिहिता कारण द्यावे.
५. सूत्र हा वाक्याचाच भाग मानून विरामचिन्हे द्यावीत.
६. सिद्धता स्वतः रचलेली नसावी. तिला प्रकाशित ग्रंथाचा आधार असावा.
७. सिद्धता कोठे संपली, ते स्पष्ट दाखवावे.

५.६ सारांश

सिद्धतेची मांडणी ही सजावट नाही. कोणता शब्द बदलता येईल आणि कोणता बदलता येणार नाही, हे ती पुढच्या संपादकाला दाखवते.

५.७ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. विधान (३) मधील ‘म्हणून’ काढून तेथे ‘आणि’ घातल्यास काय हरवते?
२. तुमच्या शालेय पुस्तकातील एक सिद्धता वरील संकेतांनुसार पुन्हा लिहा.